सात स्पीकरांच्या मरणाचे दाखले

१९ जानेवारी, शनिवार

सात! एका महिन्यात सात!

गाड्यांचे स्पीकर विकणाऱ्या साबिरखानच्या माणसाने सकाळी सात खोकी गॅरेजच्या दारात उतरवली — बर्फात. आत आणून ठेवायची रीत नाही. मीच ओढत आत आणली. पंधरा इंची सबवूफर म्हणजे काय वजन असतं, ते त्रेसष्टाव्या वर्षी पाठीला विचारावं.

मग त्याचा फोन, ताते म्हणजे मावशी करत. "काम्शात ताते, घाई काही नाही. मंगळवारपर्यंत झालं तरी चालेल."

म्हटलं, ही दोन वाक्यं एका तोंडात मावतात कशी? हसला. साबिरखान हसला की मी सावध होते.

खोक्यांवर मालकांची नावं नाहीत. नुसते आकडे, एक ते सात. "तुम्हाला कुणाची बाजू घ्यावीशी वाटू नये म्हणून, ताते." मला सांगतोय! कारागांडातली चारही दुकानं तीस वर्षं माझ्या दाखल्यावर चालतात. मी 'माल खराब' लिहिलं की माल कारखान्याला परत. 'वापरणाऱ्याची चूक' लिहिलं की गिऱ्हाईक गप्प. 'बसवणाऱ्याची चूक' लिहिलं की फिटर घरी. आणि हा, ज्याला पाच वर्षांपूर्वी बॅटरीचं कुठलं टोक कुठलं ते विचारावं लागायचं, तो मला न्याय शिकवणार.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "सातही एकाच माणसाने बसवलेत. कोणी, ते तुम्हाला सांगायला नको."

नको. मेदेत. माझा जावई.

हा शब्द लिहितानासुद्धा पेन अडतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या अक्मारलला पळवून नेली. ती म्हणते, "पळवली नाही आपा, मी स्वतः गाडीत बसले." तेच तर जास्त लागलं. नंतर त्याच्याकडचे म्हातारे माफी मागायला आले — टोप्या हातात, मेंढा गाडीत. चहासुद्धा न विचारता परत पाठवले. तेव्हापासून त्या माणसाशी एक शब्द नाही. अक्मारल रविवारी येते, एकटी येते, तळलेले बाउरसाक खाते, जाते.

आता त्याची नोकरी माझ्या टेबलावर, सात खोक्यांत.

२० जानेवारी, रविवार

तीन उघडले.

पहिला: पुढचा कागदी कोन कापून काढला, आतून भपकारा. जळक्या वार्निशचा. हा वास अंगातल्या स्वेटरला चार दिवस राहतो. कॉइल काळी. तांब्याची तार ज्या नळीवर गुंडाळलेली असते ती नळी फुगलेली, तार सुटून फटीत अडकलेली. दुसरा: तसाच. तिसरा: तसाच, फक्त एका बाजूला जास्त.

साबिरखानचा परत फोन. त्याचं नेहमीचं पुराण — "अँप्लिफायर लहान पडला, ताते. लहान अँप स्पीकर मारतो. मी सगळ्यांना सांगतो, मोठा घ्या, मोठा घ्या."

सांगणारच. मोठा विकायचा आहे!

म्हटलं, ऐक. स्पीकरला मरणं दोनच. एक, उष्णता: आत जाते तेवढी बाहेर पडली नाही की कॉइल जळते. दुसरं, धडक: कोन झेपेल त्यापेक्षा लांब फेकला गेला की खालची जाळी फाटते, कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते. तिसरं मरण नाही. लहान अँपने आजवर एकही स्पीकर मारलेला नाही. लहान अँपला कान पिळून पिळून, दम लागेपर्यंत ओरडायला लावणाऱ्या माणसाने मारलेत. तो ओरडायला लागला की लाटेचे गोल माथे कापले जातात, सपाट होतात, आणि सपाट माथ्याची लाट कॉइलला श्वास घेऊ देत नाही. सतत तापवत राहते. दोष लहानपणाचा नाही, पिळण्याचा.

"तेच म्हणतोय मी," म्हणाला. "पिळलं कोणी? गेन कोणी लावला?"

गेन म्हणजे अँपवरचा तो बारका स्क्रू. तो फिटरच लावतो. इथे मात्र मी फोन ठेवला. मेदेतची बाजू घ्यावीशी वाटली नाही.

२१ जानेवारी, सोमवार

चार ते सात उघडले.

चौथा वेगळा! कॉइल लखलखीत, नव्या पातेल्यासारखी. पण खालची पिवळी जाळी मुळापासून फाटलेली आणि नळीची कड आत दुमडलेली. हा आपटून मेलाय. पाच आणि सहा जळालेले.

सातवा — असा मी क्वचित पाहिलाय. नुसता जळाला नाही, भाजून भाजून कोळसा झालाय. तारेचे वेढे एकमेकांत वितळलेले. असं दोन मिनिटांत होत नाही. जळायला लागल्यावर धूर येतो, वास येतो, आवाज घोगरा होतो, माणसाला कळतं. या माणसाला कळूनही तो बसून राहिला असणार. कोण गाढव असेल?

२२ जानेवारी, मंगळवार

दाखला लिहिला. सातांपैकी सहांचं कारण उष्णता. खाली: बसवणाऱ्याची चूक, गेन प्रमाणाबाहेर. चौथ्यापुढे नुसतं 'तपास बाकी'.

सही ठसठशीत केली. पेनाची शाई जरा जास्तच उमटली. का खोटं लिहू — बरं वाटलं.

२३ जानेवारी, बुधवार

साबिरखानने मेदेतला घरी बसवलं.

२४ जानेवारी, गुरुवार

अक्मारल आली. गुरुवारी! कोट काढला नाही. चहा ओतला, त्यालाही हात लावला नाही.

"ओम्स्कला जातोय आम्ही. त्याचा चुलतभाऊ तिथे आहे, टायरच्या दुकानात. मार्चपासून काम आहे म्हणाला."

म्हटलं, जा.

"जाऊच. एकच विचारायचंय. तुम्हाला दिसलं ते लिहिलंत, आपा, की तुम्हाला हवं होतं ते?"

मी म्हटलं, मी तुझी आई आहे आणि इंजिनिअर आहे, आणि दोन्ही नात्यांनी तुला हे विचारायचा अधिकार नाही. दार दाखवलं. गेली. हातमोजे विसरली.

वर म्हणे, "तो काही बोलला नाही हो तुमच्याबद्दल. एक शब्द नाही." न बोलून मोठेपणा मिळवणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

२५ जानेवारी, शुक्रवार

झोप नीट नाही. कारण कळलंय. लिहून टाकते.

मी एकही गाडी पाहिली नाही.

तीस वर्षांत 'बसवणाऱ्याची चूक' हे शब्द मी अँप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिले नव्हते. खाणीच्या टेलिफोन खात्यात होते तेव्हा वरिष्ठांच्या तोंडावर सांगायचे: तार न तपासता माणसावर ठपका ठेवू नका, खाली चारशे माणसं आहेत. आणि आता? कॉइल काळी दिसली आणि नाव लिहून मोकळी. काळी कॉइल एवढंच सांगते की जळाली. कुणी जाळली ते सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे कळतं. मी त्या विद्यार्थ्याला नापास केलं असतं.

साबिरखानला फोन. "सातांतली एक तरी गाडी माझ्या गॅरेजात पाठव. अँप जसा होता तसा हवा, स्क्रूला हात लावायचा नाही."

"आता कशाला, ताते? झालं ना सगळं. तुमचीच सही आहे."

"माझीच आहे. म्हणूनच पाठव."

"लोक हसतील."

"तू नाही हसलास म्हणजे झालं. तू हसलास की मला धडकी भरते."

२८ जानेवारी, सोमवार

दुसऱ्या नंबरची गाडी आली. मालक तुलेउताय — बाजारात घोड्याचं मांस विकतो. पंजे गाडीच्या चाकाएवढे. आल्याआल्या, "ताते, नवा कधी मिळणार? गाडी मुकी झालीय. बायको म्हणते आता तिचं बोलणं ऐकू येतं, वैताग आलाय."

डिकी उघडली. अँपच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका. नखांना लावायचा रंग! अक्मारलचा असणार. स्क्रू लावून झाला की वर ठिपका. कुणी फिरवला की ठिपका फुटणार. ठिपके सगळे अखंड. म्हणजे मेदेतच्या हातानंतर कोणी हात लावलेला नाही. म्हटलं, बरं झालं, आता सुटका नाही याची.

लाट पडद्यावर दाखवणारा, खाणीतला जुना ऑसिलोस्कोप लावला. इंजिन चालू, हीटर चालू, बॅटरी गरम. चाचणीचा सूर सोडला, आवाज वाढवत नेला. मेदेतने प्लेअरवर पट्टी चिकटवलीय: 'तीसच्या पुढे नको.' तीसवर नेलं — लाटेचा माथा गोल. एकतीस, गोल. बत्तीस, जरा चपटा. म्हणजे गेन केसाएवढाही जास्त नाही. दोन पायऱ्या राखून ठेवलेला. मी लावला असता तर असाच लावला असता!

हलकटाने बरोबर बसवलंय.

दहा मिनिटं मी त्या पडद्याकडे बघत उभी. तुलेउताय घाबरला. "काय झालं, ताते? ब्लडप्रेशर?"

म्हटलं, गप्प बस आणि सांग, कधी मेला हा?

"गप्प बसू की सांगू?"

"सांग!"

"बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रविवारी. कोरिमदिक, नव्या वस्तूची बघणावळ, घ्यायला निघालो होतो ना! आधी सासऱ्याकडे, मग दोन्ही मेहुण्यांकडे, मग मोठ्या काकांकडे, मग मामाकडे. प्रत्येकाच्या फाटकात डिकी उघडली, वाजवलं. माणसं बाहेर आली, पाहिलं, हातात काहीतरी ठेवलं, आशीर्वाद दिले. मामाकडे मेला. मामा म्हणाला, नजर लागली."

"प्रत्येक ठिकाणी किती वेळ?"

"आता माणसं कोट-बूट घालून बाहेर येईपर्यंत तरी वाजवावंच लागतं. म्हातारी माणसं. अर्धा तास. मामाकडे तर तो अंघोळीला गेला होता."

"इंजिन?"

"इंजिन कशाला? बंद. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं?"

"आणि बाहेर किती होतं?"

"अठ्ठावीस असेल. उणे. त्यात काय! स्पीकरला थंडी चांगलीच की, जळणार नाही."

मी डोक्याला हात लावला.

३० जानेवारी, बुधवार

साबिरखानकडून बाकीच्यांचे नंबर मागितले. पाच दिले. सातव्याचा नाही. "तो बोलायला तयार नाही, ताते." म्हटलं, नको तर नको.

एक, तीन, पाच, सहा — सगळे पहिल्या दोन दिवसांत मेलेले. सगळे कोरिमदिकच्या फेरीत. एक आजीच्या फाटकात, एक शेजारच्या वस्तीतल्या आत्याकडे, एक बायकोच्या शाळेसमोर. पाचवा मालक म्हणतो, "मौलवींना दाखवायला गेलो होतो. ते बाहेरच येईनात." म्हटलं, शहाणे आहेत.

चौथ्याच्या घरी जाऊन गाडी पाहिली. विचारलं, तुझा कुठे मेला? तो म्हणाला, मी कुठे गेलोच नाही, घरीच. कसली गाणी ऐकतोस? म्हणाला, "संथ केलेली. दोस्ताने कॉम्प्युटरवर करून दिली. मूळ गाण्यात बेस पुरेसा नव्हता." झालं! गाणं संथ केलं की बेस आणखी खाली उतरतो. खोकं जिथपर्यंत कोनाला सावरून धरतं, त्याच्याही खाली. मग कोन मोकळा सुटतो, फडफडतो, आपटतो. त्यासाठी मेदेतने एक स्क्रू लावून ठेवला होता, खालचे सूर अडवायला. "तो लाल ठिपक्याचा स्क्रू? तो मी फिरवला. काही ऐकूच येत नव्हतं." ठिपका फुटलेला आहे. कबूलही केलं, निर्लज्जपणे. चौथ्याचा दाखला तिथल्या तिथे लिहिला: वापरणाऱ्याची चूक.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रयोग केला. तुलेउतायची गाडी दोन दिवस अंगणात ठेवली. दुपारी उणे सत्तावीस. त्यात माझा स्वतःचा एक जुना सबवूफर जोडला — मेला तर माझा मरू दे. इंजिन बंद. प्लेअर तीसवर.

बॅटरी बारा व्होल्टवरून दहा मिनिटांत अकरावर. गारठलेली बॅटरी म्हणजे गारठलेला म्हातारा, मागितलं तेवढं देत नाही. अँपला पुरेसं मिळेना, तर अठ्ठावीस-एकोणतीसलाच माथे सपाट! जो गेन इंजिन चालू असताना अगदी बरोबर, तोच इंजिन बंद असताना जास्त ठरतो. आणि आवाज दबला की माणूस काय करतो? वाढवतो. पस्तीस. चाळीस. अँप आधीच कण्हतोय, त्याच्या पाठीत आणखी काठी.

आणि थंडी! "स्पीकरला थंडी चांगलीच" — मूर्ख. नव्या स्पीकरचा रबर आणि जाळी उणे सत्तावीसला लाकडासारखी कडक होतात. कोन हलत नाही. कोन हलला तर कॉइलवरून वारा खेळतो, तेवढाच तिचा पंखा. न हलणारी कॉइल स्वतःच्या उष्णतेत कोंडून मरते. हात लावून बघितला: बाहेरची चौकट इतकी गार की बोट चिकटलं. आणि विसाव्या मिनिटाला त्याच स्पीकरमधून तो वास.

बाहेर बर्फ, आत जाळ.

बंद केला. वाचला. माझी शेजारीण ओल्गा पेत्रोव्ना कुंपणावरून ओरडली, "या वयात, काम्शात!"

तर एक ते सहा, एकही बसवणाऱ्याच्या चुकीने मेलेला नाही. माझ्या दाखल्यातली ओळ खोटी आहे. त्या माणसाबद्दल माझं जे मत आहे ते आहेच, त्यात तसूभर फरक नाही. पण त्याचा गेन बरोबर होता.

३ फेब्रुवारी, रविवार

अक्मारल आली नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

साबिरखानच्या दुकानात गेले. नवा दाखला पुढे टाकला. पाच स्पीकर: उभ्या गाडीत, इंजिन बंद, कडाक्याच्या थंडीत, सलग वाजवल्यामुळे. चौथा: संथ गाणी, फिरवलेला स्क्रू. बसवणाऱ्याचा दोष नाही. आणि खाली, स्वतःच्या अक्षरात: 'दि. २२ चा दाखला मागे घेते. गाडी न पाहता लिहिला होता.'

त्याने दोनदा वाचलं. "ताते, हे मी भिंतीवर लावू? कोरिमदिक घेऊ नका म्हणून? अख्खं गाव माझ्या अंगावर येईल. लोक गाडी घेतात कशासाठी? दाखवायलाच ना!"

"दाखव की. इंजिन चालू ठेवून दाखव. पाच मिनिटं दाखव. पहिला महिना हळू दाखव. ही तीन वाक्यं तुझ्या तोंडून निघत नाहीत, कारण जळाला की तू आणखी मोठा अँप विकतोस."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. साबिरखान लाल झाला. पण माणूस पक्का आहे. कागद घडी करून खिशात घातला. "ठीक. सहा सोडले. तुमच्या शब्दाला मान. पण इथे सहाच आहेत. सातवा?"

"त्याचा मालक बोलत नाही म्हणालास ना."

"मी शब्द दिलाय त्याला, सांगणार नाही म्हणून. पण आता तुम्ही त्यालाच धुतल्या तांदळासारखा ठरवताय, तर ऐका. सातवा मेदेतचा स्वतःचा आहे. जानेवारीत जुनी गाडी घेतली त्याने. स्पीकर माझ्याकडून, हप्त्याने. दुसऱ्या आठवड्यात कोळसा करून आणला. बाकीच्यांना कळत नव्हतं, कबूल. याला गेन कळतो, बॅटरी कळते, थंडी कळते. तुम्ही आज जे सांगितलंत ते हा माणूस दोन वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, तीच ऐकत नाहीत. आणि तरी जाळला! चुकून नाही, ताते. बसून जाळला. असा फिटर मी ठेवू? लिहा तुम्हीच. जे असेल ते लिहा, मी मान्य करतो. पण या वेळी कारण पूर्ण लिहा: कुठे, किती वेळ, का."

परतताना बसमध्ये मला — लिहितेच — आनंद झाला. ते गाढव तोच होता! वितळलेले वेढे डोळ्यांसमोर आले. इतकी वर्षं मी म्हणत होते, या माणसाला काही सांभाळता येत नाही. आता कागदोपत्री. आता कोणी म्हणणार नाही की मला हवं ते लिहिलं.

मग आठवलं की गेल्या खेपेलाही असाच आनंद झाला होता.

५ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही. पण विचारल्याशिवाय लिहायचंही नाही. वहीतला कागद फाडला, तीन प्रश्न लिहिले: कुठे? किती वेळ? इंजिन का बंद ठेवलं, सगळं माहीत असून? ना सलाम, ना सही. अक्मारलच्या बालवाडीत जाऊन तिच्या हातात दिला, विसरलेल्या हातमोज्यांबरोबर.

तिने उभ्या उभ्या वाचला. "हे नका विचारू, आपा."

"का? त्याला लाज वाटेल?"

"त्याला नाही."

म्हटलं, कोड्यात बोलायला तू आता बालवाडीतल्या पोरांकडून शिकलीस का? उद्यापर्यंत उत्तर हवं. नाहीतर मी कोळशावरून जे दिसतं ते लिहीन: जाणूनबुजून.

तिने कागद हातमोज्यात कोंबला. मुलं खिडकीशी जमली होती, नाकं काचेला लावून.

६ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आलं. माझ्याच कागदाच्या पाठीवर, सरळ बारीक अक्षर. पूर्ण उतरवून ठेवते.

'१२ जानेवारी, शनिवार. दुपारी तीन ते सव्वाचार. तुमच्या फाटकासमोर. बोलावल्याशिवाय आत येणं मला शोभलं नसतं, पण नवी वस्तू दाखवायला आलेल्याला मोठी माणसं परत पाठवत नाहीत, म्हणून आलो. वास अर्ध्या तासाने आला. बंद केलं असतं तर मी आहे हे तुम्हाला कळलं नसतं. इंजिन बंद, कारण धुराने तुम्हाला खोकला येतो असं अक्मारल म्हणते.'

त्या दिवशी मी घरी होते. कपाटातले पेले वाजत होते. कोण मवाली म्हणून मी पडदा ओढला आणि टीव्ही मोठा केला. कोण आहे ते पाहिलंही नाही.

दाखला, क्रमांक सात. बसवणाऱ्याचा दोष नाही. मालाचा दोष नाही. वापर: पंचाहत्तर मिनिटं सलग, इंजिन बंद, उणे एकोणतीस. कारण: जिला दाखवायला आणला, ती बाई बाहेर आली नाही.

खाली सही केली. मग खिडकीचा पडदा बाजूला सारला.